गंगेच्या मैदानातील रानभाताच्या जुन्या हर्बेरियम शीट कशा वाचाव्यात?

प्रश्न : तळकाठ (मालवण)
नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी मालवण तालुक्यातल्या तळ्यांमधील देवभाताचे (इथल्या रानभाताचे) नमुने जमवते आहे आणि तुलनेसाठी उत्तर प्रदेश-बिहारकडील रानभाताच्या जुन्या हर्बेरियम शीटची, म्हणजे वनस्पतिसंग्रहात कागदावर चढवलेल्या वाळक्या नमुन्यांची, छायाचित्रे ऑनलाइन पाहते आहे. एकोणिसाव्या शतकातल्या एकाही मूळ चिठ्ठीवर 'ओरायझा निवारा' हे रानभाताच्या एका जातीचे शास्त्रीय नाव मला आढळले नाही. त्यावरून ही जाती तेव्हा त्या मैदानात विरळ होती असे लिहिता येईल का? शिवाय काही शीटवर ठिकाण म्हणून फक्त 'एन. डब्ल्यू. पी.' आहे, हे बिंदू नकाशावर पेशावरच्या बाजूला दाखवावेत का?

उत्तर : शुष्कपर्ण (रत्नागिरी)
असे लिहिता येणार नाही. शर्मा आणि शास्त्री यांनी निवारा ही जाती १९६५ मध्ये वर्णिली. त्याआधीच्या संग्राहकाने ते नाव लिहिणे शक्यच नव्हते. त्याच्या हाती असलेले रोप 'फॅटुआ' (रानभाताचे जुने नाव) किंवा नुसते 'सटायव्हा, रानटी' (सटायव्हा म्हणजे लागवडीचा भात) म्हणून नोंदले जाई. म्हणून नाव मूळ चिठ्ठीवरून न घेता, नंतर कोणी तपासून डिटरमिनेशन स्लिप (जातीचे नाव ठरवणारी चिठ्ठी) चिकटवली आहे का, ते आधी पाहा. काही तज्ज्ञ निवाराला आजही रुफिपोगॉन या दुसऱ्या रानभाताच्या जातीमध्येच धरतात, त्यामुळे एकाच प्रकारच्या शीट दोन संग्रहांत दोन नावांखाली सापडतील.

'एन. डब्ल्यू. पी.' म्हणजे वायव्य प्रांत, अर्थात आग्रा, अलाहाबाद, बनारसचा मुलूख. १९०२ मध्ये त्याचेच आग्रा व अवधचे संयुक्त प्रांत झाले. पेशावरचा सरहद्द प्रांत १९०१ मध्ये निर्माण झालेला, अगदी वेगळा. शीटवरील तारीख त्याआधीची असेल तर शंकेला जागाच उरत नाही.

उत्तर : कणसे मोजणारा (दापोली)
वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. रानभाताचे दाणे पिकताच गळतात, म्हणून जुन्या शीटवर बहुधा रिकाम्या लोंब्या आणि कोपऱ्यात दाण्यांची कागदी पुडी दिसते. संग्राहकाने वरचे कणीसच तोडून आणलेले असेल तर रोप (निवारासारखे) वर्षायू होते की (रुफिपोगॉनसारखे) बहुवर्षायू, हे खोडावरून कळत नाही. अशा वेळी परागकोश मोजावेत : निवाराचे आखूड, साधारण तीन मिलिमीटरच्या आतले, रुफिपोगॉनचे त्याहून लांब. चिठ्ठीवरचा अधिवासही उपयोगी पडतो, कारण निवारा हंगामी डबक्यांत उगवतो, तर रुफिपोगॉन खोल, टिकाऊ पाण्यात.

ठिकाणाचा हा काटेकोरपणा कुणाला फाजील वाटेल, पण भाताच्या ग्रासी स्टंट विषाणूला प्रतिकार करणारे जनुक उत्तर प्रदेशातून आलेल्या निवाराच्या नमुन्यातच सापडले आणि तेच पुढे आयआर-३६ या वाणात उतरले.

तळकाठ
आभारी आहे, सर. एकाच संग्राहकाचा एकच क्रमांक क्यू (लंडन), हावडा आणि डेहराडून येथील संग्रहांतही दिसतो. त्या तीन नोंदी धराव्यात का?

शुष्कपर्ण
नाही, एकच. त्या एकाच नमुन्याच्या प्रती आहेत. तसेच 'सहारनपूर हर्बेरियम' असा छापील मथळा असला तरी रोप सहारनपूरला उपटले असे समजू नये. वनस्पतिशास्त्रज्ञ डथी तेथील उद्यानाचे प्रमुख असताना दूरदूरचे नमुने याच छापील कागदावर चढले आणि तो संग्रह पुढे डेहराडूनला गेला. ठिकाण हाताने लिहिलेल्या ओळीतूनच घ्यावे आणि ती ओळ कोरी असल्यास नोंद नकाशावर टाकू नये.