मेंदूतली लोखंडी कपची: दुर्बिणीतून काढावी की कवटी उघडून?

खटपट्या: लेथवर काम करताना भावाच्या भुवईवरून कपची आत घुसली. खोल होती म्हणून तेव्हा राहू दिली. नव्या सीटीत ती सरकून मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत आलेली दिसते. काढायची हे ठरलंय. छोटं छिद्र पाडून दुर्बिणीतून की उघडून, एवढंच विचारतोय. रजा महिन्याचीच आहे.

घारूअण्णा: राहू द्या हो. आमच्या मेहुण्याच्या डोक्यात छर्रा आहे, गडी ठणठणीत.

निशिगंध: अण्णा, धागा वाचा की. खोल, स्थिर तुकड्यासाठी मेंदू उकरत नाहीत हे खरं, डॉक्टर ते युद्धातल्या जखमांवरून शिकले. पण ही हललीय. पाण्याची वाट अडली तर डोक्यात पाणी साठेल.

उनाडपाखरू: आधी एमआरआय काढा, सगळं स्वच्छ दिसतं.

निशिगंध: लोखंड आहे! चुंबकात घालताय त्याला?

बोरकाटा: सीटीचं कौतुक नको. माझ्या डोळ्यामागे लाकडाची काडी होती, ती हवा समजून सोडली. पू झाल्यावर कळलं. रजा चांगली सहा महिन्यांची काढा.

उनाडपाखरू: अवांतर: गॉगल नव्हता का?

बोरकाटा: गॉगल भुवई झाकतो का?

ओटीतली ताई: पोकळीतली वस्तू दुर्बिणीतून निघते, पण आकार बघा. नळीत मावत नसेल तर चिमट्यात धरून नळीसकट बाहेर ओढावी लागते, आणि कडा धारदार असेल तर येताना नस फाटते. नसांचा सीटी अँजिओ झालाय का? ऑपरेशनच्या दिवशी डोकं जसं ठेवणार तसंच ठेवून पुन्हा सीटी करायला सांगा. कपची पाण्यात घरंगळते. जुन्या सीटीवर नेव्हिगेशन (ऑपरेशन करताना स्कॅनच्या नकाशावरून जागा दाखवणारं यंत्र) लावलं तर दाखवेल एकीकडे, असेल भलतीकडेच.

घारूअण्णा: ताईंना +१. म्हणूनच म्हणतो, राहू द्या.

निशिगंध: दुर्बीणच. जखम लहान, घरी लवकर.

उनाडपाखरू: दुर्बीण +१.

खटपट्या: उघडूनच करतोय, मायक्रोस्कोपखाली. अँजिओ झालाय. कपची लांबट आणि दातेरी आहे, शिवाय आमच्या सर्जनचा हात त्यातच बसलाय. ताई, सीटीचं विचारलं, त्याच सकाळी करणार म्हणाले. रजा वाढवायचा अर्ज दिलाय. आणि हो, गॉगल होता.

घारूअण्णा: मेहुण्याशी एकदा बोलून तर घ्या. नंबर व्यनि करतो.