वर्डमध्ये एकाच वेळी उघडलेल्या अनेक फाइली कशा हाताळाव्यात?

प्रश्न
एका मोठ्या अहवालाचे संपादन करताना मूळ मसुदा, दुरुस्त मसुदा, परिशिष्टे आणि काही टिपणे अशा बऱ्याच फाइली मला वर्डमध्ये एकाच वेळी उघड्या ठेवाव्या लागतात. टास्कबारवर त्या सर्व एकाच चिन्हाखाली गोळा होतात, आणि दोन मसुदे ओळीला ओळ लावून वाचायचे झाल्यास प्रत्येक विंडो माऊसने ओढून बसवावी लागते. यावर काही सोय आहे का?

प्रतिसाद १
'व्ह्यू' टॅबवरील 'व्ह्यू साइड बाय साइड' ही आज्ञा नेमकी याच कामासाठी आहे. दोनपेक्षा अधिक फाइली उघड्या असतील, तर कोणत्या फाइलीशी तुलना करायची हे वर्ड विचारते. त्यानंतर दोन्ही विंडो एकत्रच सरकतात. दुरुस्त मसुद्यात एखादा परिच्छेद वाढला की ओळी जुळेनाशा होतात. अशा वेळी 'सिंक्रोनस स्क्रोलिंग' बंद करून मजकूर हाताने समोरासमोर आणावा आणि ते पुन्हा सुरू करावे, म्हणजे पुढचे वाचन त्याच अंतराने सुरू राहते. उरलेल्या फाइलींमध्ये ये-जा करण्यासाठी कंट्रोल आणि एफ६ या कळा पुरेशा आहेत. सर्व उघड्या विंडो एकदम पडद्यावर मांडणाऱ्या 'अरेंज ऑल'च्या वाटेला मात्र जाऊ नये. इतक्या फाइलींच्या आडव्या पट्ट्या झाल्यावर वाचण्याजोगे फारसे काही उरत नाही.

प्रतिसाद २
वरील उत्तराला एक पुरवणी. परिशिष्ट त्याच फाइलीच्या शेवटी असेल, तर त्याची वेगळी प्रत उघडण्याऐवजी 'न्यू विंडो' वापरावे. त्यामुळे एकच फाइल दोन विंडोंमध्ये दिसते आणि एकीत केलेला बदल दुसरीत लगेच उमटतो. ती दुसरी प्रत नव्हे, त्यामुळे 'प्रयोग म्हणून' तेथे काही खोडू नये. तेवढ्यासाठी दुसरी विंडोही नको असल्यास 'स्प्लिट'ने त्याच विंडोचे वर-खाली दोन भाग करता येतात.

प्रतिसाद ३
टास्कबारवरील गर्दीचे मूळ जुने आहे. वर्ड ९७ पर्यंत सर्व फाइली एका मुख्य विंडोच्या पोटात उघडत असत. वर्ड २००० पासून प्रत्येक फाइलीला स्वतंत्र विंडो मिळाली. विंडोजच्या टास्कबार सेटिंगमध्ये बटणे एकत्र न करण्याचा पर्याय निवडल्यास प्रत्येक फाइलीचे नाव वेगळे दिसू लागेल. लिबरऑफिस रायटर या वर्डसारख्याच दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघड्या फाइलींची यादी 'विंडो' मेनूत मिळते. तेथे वर्डसारखी शेजारी मांडणीची आज्ञा नाही, परंतु विंडोज कळ आणि डावा किंवा उजवा बाण दाबून कोणत्याही प्रोग्रामची विंडो अर्ध्या पडद्यावर बसवता येते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. काम संपल्यावर सर्व फाइली एकदम बंद करता येतात का?

प्रतिसाद १
होय. टास्कबारवरील वर्डच्या चिन्हावर उजवी क्लिक करून सर्व विंडो बंद करण्याचा पर्याय निवडावा. ज्या फाइलीत न जतन केलेले बदल असतील, तिच्यासाठी वर्ड विचारणा करते. उत्तर देण्यापूर्वी तेथील फाइलीचे नाव अवश्य वाचावे.