शोधनिबंधाचं ‘परीक्षण’ की ‘समीक्षा’?

प्रश्न: व्हिज्युअलायझेशनमधला, म्हणजे आकडेवारी चित्ररूपात मांडण्याच्या शास्त्रातला, एक तांत्रिक शोधनिबंध अभिप्रायासाठी आला आहे. ‘रिव्ह्यू’ला मराठीत काय म्हणावं? आणि ‘व्हिज्युअलायझेशन’ला ‘चित्रीकरण’ चालेल का?

उत्तर: ‘चित्रीकरण’ नको, कॅमेरा आठवतो. ‘दृश्यांकन’ बरं. रिव्ह्यूला ‘परीक्षण’. समीक्षा कादंबरीची, नाटकाची. तिच्यावर छापायचं की नाही हे ठरत नसतं. इथे शेवटी स्वीकार किंवा नकाराची शिफारस करावी लागते. (पीअर रिव्ह्यूला, म्हणजे त्याच क्षेत्रातल्या अभ्यासकांनी केलेल्या परीक्षणाला, ‘समवयस्क परीक्षण’ म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, वयाचा संबंध काय?)

दुसरं उत्तर: ‘परीक्षण’ मान्य. पण या क्षेत्रात त्याहून महत्त्वाची जोडी ‘दावा’ आणि ‘पडताळणी’. दृश्यांकनाच्या संशोधक तमारा मुन्झनर यांनी २००९ मध्ये दृश्यांकन घडवण्याचे चार स्तर मांडले: वापरणाऱ्यांची खरी अडचण, विदा (डेटा) आणि कामांच्या भाषेतलं तिचं रूप, दृश्यरचना, आणि अल्गोरिदम. पडताळणी दाव्याच्याच स्तरावर हवी. ‘आमच्या आलेखातून गट पटकन ओळखू येतात’ असा दावा आणि पुरावा म्हणून प्रोग्राम किती सेकंदांत चालला याचा तक्ता, हे फार वेळा दिसतं. वेग खरा असेलही, पण दावा माणसाच्या डोळ्यांबद्दल आहे. म्हणून मी प्रस्तावनेतले दावे आधी वेगळे लिहून काढतो, मग प्रत्येकाचा पुरावा शोधतो. पुरावा सापडला नाही तर तेवढंच लिहायचं. ‘निबंध कमकुवत वाटतो’ या वाक्याने लेखकाच्या हाती काहीच लागत नाही.

आकृत्याही मजकुराइतक्याच बारकाईने वाचा. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवलं की एकाच मोजपट्टीवरचं स्थान आपण सर्वांत अचूक ओळखतो. लांबी आणि कोन त्यानंतर, क्षेत्रफळ आणखी मागे. बारीक फरक वर्तुळांच्या आकारातून दाखवले असतील तर कारण विचारा. इंद्रधनुषी रंगपट्टी दिसली तरी विचारा. तिच्यात विदेत नसलेल्या सीमारेषा दिसू लागतात.

प्रश्न: आणि ‘लिमिटेशन्स’ला ‘त्रुटी’?

उत्तर: नको, ‘मर्यादा’. काही हजार बिंदूंपुढे आकृतीत गर्दी होते, ही तंत्राची मर्यादा. निबंधात त्याचा उल्लेखच नाही, ही त्रुटी. परीक्षणात दोन्ही वेगळ्या परिच्छेदांत घ्या, कारण दुरुस्ती फक्त दुसरीचीच मागता येते.