तिकिटाच्या मशीनला एवढी घाई कशाची?

प्रश्न

तिकिटाच्या किंवा चेक-इनच्या मशीनवर मला सगळ्यात जास्त काय खटकत असेल, तर मध्येच सगळं पुसून पहिल्या पानावर जाणं. माझ्या वडिलांचा हात थरथरतो. एकेक अक्षर दाबायला वेळ लागतो, चुकलं की खोडायला आणखी वेळ. भाषा निवडून झाली, कुठून कुठे जायचं ते टाकून झालं, नाव टाकलं. आता पैसे भरायचे म्हणून ते पाकिटातून कार्ड काढतात आणि वर बघतात तर ‘सुरू करण्यासाठी स्पर्श करा’. भाषासुद्धा पुन्हा निवडायची!

त्यात ‘मागे’ आणि ‘रद्द करा’ ही बटणं शेजारी शेजारी, एकाच रंगाची. तारखेतला एक आकडा चुकला म्हणून मागे जावं, तर अख्खा फॉर्म कोरा. मागे रांग वाढत असते. मग ते बाजूला होतात आणि म्हणतात, “मला नाही जमत.” आयुष्यभर लेथवर मिलिमीटरच्या शतांशाची मापं सांभाळलेला माणूस हे बोलतो, ते मला सहन होत नाही.

ही वेळ कोण ठरवतं? त्यामागे काही तांत्रिक कारण आहे का?

प्रतिसाद १

अशा मशीनच्या सॉफ्टवेअरच्या चाचणीचं काम मी केलं आहे. कारण आहे, आणि ते खरं आहे. कोणी अर्ध्यातून निघून गेलं, तर त्याचं नाव, नंबर, बुकिंग पुढच्या माणसासमोर उघडं पडतं. त्यामुळे स्क्रीन कधीतरी पुसावीच लागते.

पण किती सेकंदांनी पुसायची, हा सेटिंगमधला एक आकडा असतो. मी पाहिलेल्या मशीन्समध्ये तो सगळ्या स्क्रीनला एकच होता. भाषा निवडायला जेवढा वेळ, तेवढाच पाकिटातून कार्ड शोधायला. चाचणी करणाऱ्या आम्हा लोकांना प्रत्येक स्क्रीन पाठ, त्यामुळे वेळ संपायची पाळी आमच्यावर येतच नसे.

वेबसाइटसाठी सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत याचं उत्तर स्पष्ट दिलेलं आहे. वेळ संपण्याआधी सूचना द्या, उत्तर द्यायला किमान २० सेकंद द्या, एका साध्या कृतीने वेळ वाढवू द्या, आणि तेही निदान १० वेळा. ‘अजून वेळ हवा आहे का?’ असं विचारणारं एक मोठं बटण, बस्स. वडिलांचा बराच त्रास तेवढ्याने वाचेल.

आणखी एक दोष सांगतो, कारण तोही लोक स्वतःच्या माथी घेतात. बटण दाबल्यावर साधारण ०.१ सेकंदात काही हललं, तरच माणसाला ‘दाबलं गेलं’ असं वाटतं. मशीन संथ असेल तर तो पुन्हा दाबतो. तेवढ्यात पुढची स्क्रीन आलेली असते आणि दुसरा स्पर्श त्याच जागच्या भलत्याच बटणावर पडतो. दाबल्याक्षणी बटणाचा रंग बदलावा आणि स्क्रीन बदलत असताना आलेले स्पर्श सोडून द्यावेत, एवढाच उपाय. शिवाय जाड संरक्षक काचेमुळे उंच माणसाला, बुटक्या माणसाला किंवा व्हीलचेअरवरच्याला बटण आहे त्या जागेपासून सरकलेलं दिसतं. बोट चुकतं ते त्यामुळेही.

प्रतिसाद २

मला दिसत नाही, म्हणून माझी बाजू मांडते. खरी बटणं असलेल्या मशीनवर मी आधी ५ शोधते. त्यावर उंचवट्याचा ठिपका असतो, तो सापडला की बाकीचे आकडे आपोआप हाताशी येतात. सपाट काचेवर बोटाला काहीच लागत नाही.

काही मशीन्सना हेडफोनची जागा असते, ती खरोखर उपयोगी आहे. पण तुमच्या वडिलांची अडचण तिथेही येते. आवाज पाचवा पर्याय वाचत असतो आणि वेळ मात्र स्क्रीन आली तेव्हापासूनच मोजली जात असते. वाचून पूर्ण व्हायच्या आत सगळं बंद! निदान बोलणं संपल्यावर तरी मोजायला सुरुवात करा.

युरोपीय संघात एटीएम, तिकीट आणि चेक-इन मशीन्सना सुलभतेचा कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला. पण त्याआधी वापरात असलेली मशीन्स जास्तीत जास्त २० वर्षांची होईपर्यंत चालू ठेवायची सवलत सदस्य देश देऊ शकतात. वीस वर्षं फार झाली हो.

प्रतिसाद ३

वडिलांना एटीएमचं उदाहरण नक्की सांगा. पूर्वी अनेक एटीएम आधी पैसे आणि मग कार्ड देत. लोक पैशांसाठी आलेले, पैसे हातात पडले की काम झालं, कार्ड मशीनमध्येच राहायचं. मुख्य काम झाल्यावर उरलेली पायरी विसरण्याच्या या प्रकाराचा मायकेल बर्न आणि सुसान बोव्हेअर यांनी अभ्यास करून १९९७ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. कार्ड आधी परत द्यायचं, ते काढल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, असा क्रम केला की कार्ड राहत नाही. माणसं तीच, स्मरणशक्तीही तीच. बदलला तो मशीनचा क्रम.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तक्रार करायची तर नेमकं काय लिहू?

प्रतिसाद १

‘मशीन खराब आहे’ असं लिहू नका. तपासणारा येतो, चालू दिसतं, तक्रार बंद होते. मशीनवर चिकटवलेला क्रमांक, तारीख, वेळ आणि कुठल्या स्क्रीनवरून ते पहिल्या पानावर गेलं, हे लिहा. जमलं तर फोनवर व्हिडिओ घ्या, म्हणजे सेकंद मोजता येतात; पिन आणि कार्ड तेवढं त्यात येऊ देऊ नका. मागणी एकच ठेवा: पैसे भरायच्या स्क्रीनची वेळ वाढवा आणि पुसण्याआधी विचारा. ‘मागे’ आणि ‘रद्द करा’ची तक्रार वेगळी पाठवा, ते काम बहुतेक दुसऱ्या माणसाकडे असतं.