मदत हवी आहे: 'पुरी'च्या कोटीचं विश्लेषण कसं करू?

मंडळी, एम.ए.च्या भाषाविज्ञान प्रकल्पासाठी घरच्या पंगतीतले विनोद गोळा करतेय. विश्लेषणाची चौकट विनोदाचे अभ्यासक अत्तार्दो आणि रास्किन यांची, १९९१ची. त्यात विनोद सहा अंगांनी तपासतात: अर्थचौकटींचा विरोध (दोन न जुळणारे अर्थ समोरासमोर येणं), तर्काची युक्ती (ते अर्थ जोडणारी क्लृप्ती), प्रसंग, लक्ष्य (ज्याची थट्टा होते तो), कथनपद्धती आणि भाषा.

अडलंय इथे. वाढपी विचारतो, "पुरी वाढू?" काका म्हणतात, "पुरी नको, अर्धीच वाढ." एक पुरी ताटातली, दुसरी म्हणजे सबंध, इथवर सोपं. 'पुरी'ऐवजी 'पोळी' घातली की विनोद मेलाच, म्हणजे भाषेचा रकाना भरला. लक्ष्य रिकामं ठेवायची मुभा आहे. पण तर्काची युक्ती काय लिहू? उच्चार एक म्हणून अर्थही एकच असं सोंग आणणं, हीच का?

दुसरं उदाहरण आजीचं. रात्री उशिरा उगवलेल्या मामाला म्हणाली, "ये, उद्याच्या नाश्त्याला अगदी वेळेवर आलास!" इथे कुठलाच शब्द द्व्यर्थी नाही. मग तत्त्वज्ञ ग्राइसच्या संवादतत्त्वांकडे (खरं, नेमकं, मुद्द्याला धरून बोलावं, हे बोलण्याचे अलिखित संकेत) जाऊ, की हेही त्याच तक्त्यात बसेल?

एका मैत्रिणीने सभंग-अभंग श्लेष (शब्द तोडून किंवा न तोडता दोन अर्थ काढणारा काव्यालंकार) बघायला सांगितलं. कवितेला ठीक आहे, पण काकांना कसं लावू? मराठी बोलीतल्या विनोदावर असं काम कुणी केलं असेल तर कृपया सांगा. पुढच्या आठवड्यात कच्चा मसुदा द्यायचाय.