मदत हवी आहे: किडनीच्या कुत्र्यासाठी घरचं जेवण, प्रोटीन आणि कॅल्शियमचं गणित कसं बसवता?

मंडळी, आमचा लॅब्राडोर बारा वर्षांचा, वजन २६ किलो. मध्यंतरी पाणी खूप प्यायला लागला, रात्री शूसाठी उठवायचा, म्हणून रक्त तपासलं तर क्रिएटिनिन ३.१ आणि फॉस्फरस ६.२. व्हेट म्हणाले क्रॉनिक किडनी, स्टेज ३. बीपी ठीक आहे, लघवीतून प्रोटीनही फारसं जात नाहीये. रीनल (किडनीसाठीचं) ड्राय फूड लिहून दिलंय पण ते हा खात नाही म्हणजे नाहीच, वास घेतो, बाउल नाकाने ढकलत ढकलत भिंतीपर्यंत नेतो आणि मग माझ्याकडे बघत बसतो. कोमट पाण्यात भिजवून झालं, दुसऱ्या कंपनीचं आणून झालं, मळमळीची गोळीही चालू आहे. घरचं मात्र चाटूनपुसून खातो. व्हेट म्हणतात उपाशी राहण्यापेक्षा घरचं परवडलं, पण फॉस्फरस खाली आणा, ५ च्या आत.

सध्या देतेय ते असं: पांढरा भात, थोडं चिकन (उकडून पाणी फेकून देते, बराचसा फॉस्फरस त्यात उतरतो म्हणे), अंड्याचं फक्त पांढरं, लाल भोपळा, वरून चमचाभर तेल. हाडं, लिव्हर, दूध, चीज, अंड्याचा बलक सगळं बंद, मीठ घालतच नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आमच्याकडे त्याला आधीपासूनच वर्ज्य.

आता घोळ असा आहे की निम्मे लोक सांगतात चिकन पूर्ण बंद करा, प्रोटीन म्हणजे किडनीला विष. पण याच्या मांड्या आधीच उतरल्यात, पाठीवरून हात फिरवला तर मणके लागतात, प्रोटीन अजून तोडलं तर उरेल काय? मला तरी वाटतं खरा शत्रू फॉस्फरस आहे. आणि हाडं बंद केली तर कॅल्शियम कुठून येणार? अंड्याच्या कवचाची पावडर करून ठेवलीये पण किती घालायची कळत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा, "व्हेटला विचारा" सोडून, त्यांना विचारूनच आलेय.

प्रतिसाद:
ताई, चिकन पूर्ण बंद करू नका. प्रोटीन कमी पण चांगल्या दर्जाचं हवं, आणि अंड्याच्या पांढऱ्यात प्रोटीन भरपूर, फॉस्फरस अगदी कमी, म्हणून तेच मुख्य ठेवा. कॅलरी भातातून आणि तेलातून भरा, २६ किलोच्या म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसाला हजार-अकराशे तरी लागतात, एवढ्या जातायत का मोजून बघा, मांड्या उतरायचं निम्मं कारण तेच असतं. कवचाची पावडर एक टीस्पून म्हणजे साधारण २००० मिग्रॅ कॅल्शियम, त्यामुळे अंदाजाने टाकू नका, आधी रक्तातलं कॅल्शियम बघा. बोन मील (हाडांची भुकटी) मात्र अजिबात नको, त्यात कॅल्शियमबरोबर फॉस्फरसही ढीगभर येतो. फिश ऑइल चालेल, कॉड लिव्हर ऑइल नको, त्यात व्हिटॅमिन ए आणि डी जास्त. बी व्हिटॅमिन लघवीवाटे जातात, ते वेगळे द्यावे लागतात.

आणि नेटवरची रेसिपी जशीच्या तशी उचलू नका. २०१२ साली अमेरिकेत किडनीच्या कुत्र्या-मांजरांसाठीच्या ६७ घरगुती रेसिपी तपासल्या होत्या, एकीतही सगळी पोषणद्रव्यं पुरेशी नव्हती. व्हेटर्नरी न्यूट्रिशनिस्ट ऑनलाइनही वजन आणि रिपोर्ट बघून रेसिपी बनवून देतात, एकदाच खर्च होतो.

जेवण बदलूनही फॉस्फरस उतरला नाही तर फॉस्फेट बाइंडर (जेवणातला फॉस्फरस पोटातच बांधून ठेवणारं औषध) देतात, ते जेवणातच मिसळायचं, रिकाम्या पोटी दिलं तर जवळजवळ वाया जातं.

धागाकर्ती:
खूप आभार. रिपोर्ट परत काढून बघितला, कॅल्शियम त्यात केलेलंच नाहीये! तेवढी टेस्ट करून घेते, तोवर पावडर डब्यातच राहू दे. बाइंडर जेवणात कालवलं की चव बदलते का हो? हा गोळी चिकनमधून अलगद काढून बाजूला ठेवणारा प्राणी आहे.