तीन विरुद्ध तीन प्यादी: मधलं फुकट का द्यायचं?

पार्लेकर:
पार्ल्याच्या बुद्धिबळ क्लासमधल्या मुलांना ही पोझिशन दिली आहे. पांढरा: राजा जी२, प्यादी ए५, बी५, सी५. काळा: राजा जी४, प्यादी ए७, बी७, सी७. चाल पांढऱ्याची. इंजिन (बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्रॅम) सरळ बी६ दाखवतं, म्हणजे मधलं प्यादं बी६वर. मुलं विचारतात, त्यापेक्षा ए६ का नको? आणि बी६ला मारलंच नाही तर?

अडीच_घरं:
ए६ला उत्तर बी६! मग सगळी प्यादी एकमेकांत अडकतात. सी६लाही तेच, बी६! म्हणून ते घर आधी आपण बळकवायचं.
(× म्हणजे मारणं, ... नंतरची चाल काळ्याची, ! म्हणजे जोरदार चाल.) १. बी६! ए×बी६ २. सी६! बी×सी६ ३. ए६, आता ए-पट्टी (ए घरांची उभी रांग) मोकळी, दोन चालींत प्यादं ए८वर पोचून वजीर.
१... सी×बी६ घेतलं तर आरशातल्यासारखं: २. ए६! बी×ए६ ३. सी६.
न मारता राजा आणला, १... राजा एफ५, तर २. बी×सी७ आणि सी८ला कोण अडवणार?
घात होतो तो दुसऱ्या चालीला. १... ए×बी६ नंतर हात आपोआप २. ए×बी६ कडे जातो. सी×बी६, सी×बी६ होऊन बी६ विरुद्ध बी७ उरतं, काळा राजा एफ५-ई५-डी५-सी५ करत ते उचलतो. जिंकलेला डाव, आता बरोबरी मिळाली तरी नशीब.

गिरगाव_गॅम्बिट:
बरोबर, पण मुलांना ‘बी६ म्हणजे विजय’ असं पाठ करायला लावू नका. काळा राजा जी४ऐवजी एफ५वर ठेवून बघा. १. बी६ सी×बी६! २. ए६ बी×ए६ ३. सी६ राजा ई६ ४. सी७ राजा डी७, प्यादं हाती लागलं. मात्र त्याच पोझिशनमध्ये १... ए×बी६ केलं तर काळा हरतो, कारण ए-पट्टी त्याच्या राजाला फार लांब पडते. म्हणजे बळी द्यायच्या आधी घरं मोजा, दोन्ही बाजूंची.

पार्लेकर:
आणि चाल काळ्याची असेल तर, राजा जी४वरच?

अडीच_घरं:
१... बी६! किंवा १... राजा एफ५, मग गिरगावने मांडलेलीच पोझिशन येते. प्याद्यांच्या बाकीच्या चाली हरतात: १... ए६ला २. सी६! आणि १... सी६ला २. ए६! दोन्हीकडे पांढरा वजीर करतो. पटावर मांडून दोन्ही बाजूंनी खेळवा. इंजिन त्या वेळेपुरतं बंद.